मदत हवी आहे: माळवद (मातीचं सपाट छप्पर) गळतंय, भिंतीला पोट सुटलंय. आधी कशाला हात लावायचा?

वळीव:
मोहोळ तालुक्यातल्या एका जुन्या वाड्याचं काम टोळीकडे आलंय. तीन गवंडी, एक सुतार, चार बिगारी. अडचण दक्षिणेच्या सोप्याची (चौकाकडच्या ओसरीची) आहे, पाच खण (दोन तुळयांमधला गाळा म्हणजे एक खण), प्रत्येक खण साधारण 5 × 12 फूट.

भिंत अडीच फूट जाड. बाहेरून घडीव काळा दगड, आतून पांढरीच्या (पांढऱ्या मातीच्या) कच्च्या विटा म्हणजे भेंड्या, मध्ये माती आणि कपच्या. जोत्यापासून 6 फुटांवर ओळंबा लावला तर साडेतीन इंच फुगवटा, लांबी 9 फूट. सवण्याच्या (छपरातल्या उजेडाच्या झरोक्याच्या) कडेला मोजली तर माळवदाची माती 22 इंच भरली. तुळया सागवानी, 8 × 9 इंच. दोन तुळयांची भिंतीतली टोकं कुजलीत, पटाशी 4 इंच आत जाते. आतून 4 फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आहे आणि बरोबर त्याच्या वरच्या कडेला लोणा (क्षाराचा पांढरा थर) फुटलाय.

मालकांना माळवदावर 4 इंची स्लॅब आणि बाहेरून सिमेंटने दरजा (दगडांमधल्या सांधी) भरून हव्यात. आम्हाला पटत नाही. पण क्रम काय ठेवायचा? जानेवारी चालू आहे, जूनआधी वरून बंद व्हायला हवं.

धुमस:
स्लॅबचं नाव काढू नका. हिशेब मालकांसमोर मांडा: कोरडी चोपलेली माती घनमीटरला 1700 किलो धरली तर 22 इंच थराचे चौरस फुटाला 88 किलो होतात. एका खणावर सव्वापाच टन, आणि भिजल्यावर आणखी. त्यावर 4 इंची स्लॅब म्हणजे खणामागे अजून 1.4 टन, तोही कुजलेल्या टोकांवर.

माती इतकी साठते कारण गळलं की वरून नवी टाकायची, जुनी खरवडायची नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी भागात हीच जड माळवदं आणि आरपार दगडांनी न बांधलेल्या दगडी भिंती माणसांवर आल्या.

क्रम असा. आधी प्रत्येक तुळईला भिंतीपासून दोन फुटांवर टेकू, खाली जाड फळी, वर पाचर. मग माती उतरवा, पण एक खण पूर्ण रिकामा करून दुसऱ्याकडे जाऊ नका. पाचही खणांवरून 4-4 इंचांचे थर काढा, नाहीतर भार एका बाजूला जातो आणि फुगलेली भिंत तिथेच बसते. काढलेली माती भिंतीलगत रचू नका, चौकात न्या. चाळून तीच परत वापरायची आहे.

चुनखडी:
भिंतीबद्दल. फुगवटा बाहेरून दाबून आत जात नाही, जॅक लावणारे भेटतील, ऐकू नका. वरून पाणी शिरलं, मधली माती धुपून खाली बसली आणि दोन्ही थर सुटे झाले. हातोडीने ठोकून बघा, बद्द आवाज येईल तेवढा भाग सुटलाय. तो उतरवूनच बांधावा लागेल.

दगडांवर खडूने नंबर घाला, फोटो काढा. 9 फुटांचे तीन भाग करा: आधी दोन कडेचे, ते भरून आठवडाभर थांबून मग मधला. परत बांधताना दर 2 फूट उंचीला आणि 4 फूट अंतराला आरपार हेडर, म्हणजे भिंतीच्या पूर्ण जाडीचा लांब दगड. अडीच फुटी दगड मिळत नसेल तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड फुटाचे दोन दगड शेजारी शेजारी घ्या, मध्ये निदान सहा इंच एकमेकांना ओलांडतील असे. हे सोडलं तर पुढच्या पाच पावसाळ्यांत पोट परत सुटणार.

बाहेरच्या दरजांना चुना. कळीचा चुना (भट्टीतून आलेले चुन्याचे खडे) पाण्यात विरवून पाण्याखाली निदान 15 दिवस ठेवा, म्हणजे आजच विरवा. एक भाग चुना, एक सुरखी (विटांची भुकटी), दोन धुतलेली वाळू. कच्चे खडे राहिले तर ते नंतर फुगतात आणि गिलावा फोडीफोडीने उडतो. गोणपाट ओलं ठेवा, सोलापूरच्या मार्चच्या उन्हात चुना वाळतो, धरत नाही.

सिमेंटचा गिलावा आताच छिलून टाका. तो ओल अडवतो, मग ओल वर चढते आणि वरच्या कडेला क्षार सोडते. तुमचा लोणा तोच. भिंत दोन-तीन महिने उघडी वाळू द्या, मग चुना.

वळीव:
हेडरचं आणि थरांचं समजलं. तुळयांचं काय? आणि मातीखाली प्लॅस्टिक टाकावं का?

रंधा:
पूर्ण तुळई बदलू नका, बाकीचं लाकूड चांगलं आहे. कूज संपते तिथून 4 इंच पुढे कापा. जोड देत असाल तर तिरका सांधा उंचीच्या तिप्पट, म्हणजे 27 इंच लांब, 12 मिमीचे चार बोल्ट, दोन्हीकडे लोखंडी पट्टी. माझं मत विचाराल तर सोपा मार्ग आहे: भिंतीलगत उथळ्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) सागवानी खांब आणि त्याच्या माथ्यावर हस्त (आडवा लाकडी आधार) उभा करा, तुळई त्यावर टेकवा. लाकूड कमी कापावं लागतं आणि भिंत हलली तरी छप्पर उभं राहतं. भिंतीत जाणाऱ्या टोकाभोवती इंचभर हवा सोडा. डांबर फासून चिणणं म्हणजे कूज आत कोंडणं.

धुमस:
प्लॅस्टिक थेट लाकडावर नको, खाली घाम धरतो. फळ्यांवर कडुनिंबाचा पाला आणि तुराट्या, त्यावर 3 इंच माती चोपून, मग जाड प्लॅस्टिक, वर 5 इंच. एकूण 8 इंच, त्याहून जास्त नाही.

चुनखडी:
मी प्लॅस्टिक टाकत नाही. एक भोक पडलं की पाणी कुठे शिरलं आणि कुठे टपकतंय याचा मेळ लागत नाही. उतार नीट ठेवा, दर 4 फुटांना 1 इंच.

धुमस:
उतार तर हवाच, त्यावर वाद नाही. माती मात्र तपासून घ्या. लाडू वळून दोन दिवस सावलीत ठेवा. भेगाळला तर काळी माती मिसळली आहे, बाद. कमी पडली तर शेजारच्या पांढरीच्या टेकाडाला खोरं लावू नका, जुनी वस्ती असते ती. पडलेल्या घराची माती मागा.

वळीव:
छपराचं पाणी सोडणाऱ्या पन्हळी सध्या भिंतीपासून 8 इंच बाहेर आहेत.

चुनखडी:
मग फुगवट्याखालचा पाया प्रत्येक पावसात भिजतोय. 2 फूट करा आणि खाली फरशी टाका. तेवढं काम उद्याच करून घ्या, माती उतरवेपर्यंत थांबू नका.