भुताच्या सिनेमावरचा गेम: कुणाची तंतरली, कोण कंटाळलं?

भुताखेतांचे सिनेमे सगळेच बघतात. त्यांच्यावरून काढलेले गेम खेळताना काय झालं, ते इथे लिहा. माझं मत आधीच सांगतो: नुसता राक्षस उचलून आणून भागत नाही, सिनेमातला नियम खेळणाऱ्याच्या गळ्यात पडला पाहिजे. सातारा-सांगलीकरांनी सुरुवात करावी, बाकीच्यांना बंदी नाही. नारळ मीच फोडतो.

शाहूपुरी, सातारा

'एलियन: आयसोलेशन', २०१४ चा. १९७९ च्या 'एलियन' सिनेमातली नायिका रिप्ली, तिची मुलगी अमांडा आईचा माग काढत सेव्हास्टोपोल या अवकाशस्थानकावर येते. तिथं सिनेमातला परग्रहावरचा प्राणी मोकाट सुटलेला. हत्यारं मिळतात, पण तो मरतच नाही. आगीचा झोत मारला तर तेवढ्यापुरता पळतो. मग कपाटात लपायचं आणि हातातल्या यंत्रावर ठिपका किती जवळ आला ते बघायचं. तो अगदी जवळ असेल तर यंत्राची पिकपिकही त्याला ऐकू जाते! गेम सेव्ह करायला भिंतीवरच्या फोनपाशी जाऊन कार्ड घालायचं, आणि दिवे लागेपर्यंत मागून उचललं तर गेलात. त्यात आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही. जीव मुठीत धरून फोनपाशी पोचावं आणि स्क्रीन काळी. इन्व्हर्टर घेतला तो घरच्यांना वाटतं पंख्यासाठी.

विश्रामबाग, सांगली

आमचा 'फ्रायडे द थर्टीन्थ', २०१७ चा. कॅम्पवरचे सातजण आणि त्यांच्या मागे एक जेसन, म्हणजे सिनेमातला खुनी; सगळ्यांना खेळवणारी खरी माणसं. गंमत आवाजाची. जवळ असेल त्यालाच तुमचं बोलणं ऐकू येतं, जेसनलाही. आमच्यातला एकजण झाडीत लपून "आला रे आला" ओरडायचा आणि सगळ्यांना घेऊन मरायचा. पुढे मूळ सिनेमाच्या हक्कांवरून कोर्टकज्जा झाला, २०१८ मध्ये नवीन भर घालणं थांबलं, २०२३ अखेर विक्री बंद आणि वर्षभरानं सर्व्हरही. भावाभावांच्या वाटणीत चालती विहीर बुजवावी तसलं झालं.

मिरज

'द थिंग' कुणी खेळलंय का? १९८२ च्या सिनेमावरचा, २००२ चा. सोबतच्या गड्यांचा तुमच्यावर भरवसा किती, ते गेम मोजतो. बंदूक दिली की खूश, भलतीकडं गोळी चालवली की संशय. कोण खरा माणूस आणि कोण माणसाचं रूप घेतलेला राक्षस, हे बघायला रक्ततपासणी. आता मिरजकराला रक्ततपासणीचं काय कौतुक! तपासलं, साफ निघालं, पुढच्या खोलीत गेलो तर त्योच गडी फुटला की! कोण कधी फुटणार ते बऱ्याचदा आधीच ठरवून ठेवलेलं, हे कळल्यावर भीती गेली आणि राग आला. पण कल्पना एक नंबर.

कराड

मी खेळत नाही, लेक खेळतो. 'डेड बाय डेलाइट'मध्ये २०२२ साली जपानी सिनेमातली सादाको आली. पांढरे कपडे, तोंडावर केस, विहिरीतून वर येते, टीव्हीतून बाहेर पडते. सासूबाईंनी एकदा डोकावून "हडळ आहे, दुसरं काय" म्हणून निकाल दिला. आजोळी अशी एकतरी विहीर होतीच, त्यामुळे मलाही विशेष वाटलं नाही. एकजण भूत होऊन मागे लागतो, बाकीच्या चौघांनी पाच जनरेटर दुरुस्त केले की सुटकेचं दार उघडता येतं. लेक ते मन लावून करतो. घरातला फ्यूज घालायला मात्र उठत नाही. आणि शक्यतो त्याला भूतच व्हायचं असतं.

वाळवा

'अ क्वाएट प्लेस'वर २०२४ मध्ये 'द रोड अहेड' आला. नायिका गरोदर, त्यात तिला दमा, आणि आवाज झाला की ते प्राणी हजर. माइक चालू ठेवला तर तुमच्या खोलीतला आवाजही त्यांना ऐकू जातो. वर म्हटलेला नियम गळ्यात पडणं ते हेच. पण आमचं घर कारखान्याच्या रस्त्याला. नायिका दम धरून काचांवरून सरकतेय आणि बाहेरनं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वर कर्णे लावून गाणी! पोरगी जागेवर खलास. आता गळीत हंगाम संपेपर्यंत माइक बंद.