उसना क्लोजर आणि रिलीव्हरची ने-आण: लीगचा नियम कसा लिहावा?

बर्डीचा_कॅचर:
नागपुरातल्या आमच्या १२ संघांच्या ‘आउट ऑफ द पार्क’ (बेसबॉल संघ चालवायचा संगणकावरचा गेम) लीगमध्ये दोन गोष्टींवरून वाद सुरू आहे. एक, जुलैअखेर एका संघाने आपला क्लोजर (सामन्याचा शेवट सांभाळणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा) दुसऱ्याला दिला आणि बदल्यात सिंगल-एमधला (खालच्या पातळीच्या लीगमधला) एक पिचर घेतला. वर्ल्ड सिरीज (हंगामाची अंतिम लढत) आटोपल्यावर दोघंही आपापल्या जुन्या संघात परत. मॅनेजर दोघेही आयटी पार्कात एकाच ऑफिसात बसतात. दोन, एक जण दर सिमआधी (सिम म्हणजे गेमने पुढचे सामने आपोआप खेळवणं) दमलेले रिलीव्हर (सामन्यात मागून उतरणारे पिचर) ट्रिपल-एला (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीला) धाडतो आणि ताजे वर आणतो. नियमपुस्तकात दोन्हींना मनाई नाही. नव्या हंगामाआधी काय लिहावं? सिम दर रविवारी, ७ दिवसांचं असतं.

लेफ्टी_धरमपेठ:
भाऊ, दोन्ही गोष्टी एकाच तराजूत तोलू नका. पहिली लबाडी आहे, दुसरा डावपेच.

पहिलीतला खरा सौदा लीगला दिसलाच नाही. क्लोजर परत मिळणार हे आधीच ठरलं होतं, म्हणूनच सिंगल-एच्या पोरावर काम भागलं. बाकीच्या १० संघांना बोली लावायची संधीच मिळाली नाही. ‘खऱ्या बेसबॉलमध्येही असं झालंय’ असं कुणी म्हणेल. झालंय. १९६२ मध्ये क्लीव्हलंडने हॅरी चिटीला मेट्सकडे दिलं, ‘नाव नंतर ठरेल’ अशा खेळाडूच्या बदल्यात, आणि नंतर ठरलेला खेळाडू चिटीच निघाला. १९८७ मध्ये डिकी नोल्स कब्सकडून टायगर्सकडे गेला आणि हंगामानंतर तोच कब्सला परत मिळाला. पण एक खेळाडू येणं बाकी आहे हे तिथे जाहीर होतं, आणि अशा सौद्याला ६ महिन्यांची मुदत असते. फुटाळा तलावावर चहा घेताना दिलेला शब्द कुठल्याच नोंदीत सापडत नाही.

नियम असा लिहा: सौद्यात गेलेला खेळाडू पुढच्या हंगामाच्या ट्रेड डेडलाइनपर्यंत (सौद्यांच्या शेवटच्या तारखेपर्यंत) जुन्या संघात परतणार नाही. तिसऱ्या संघामार्फत नाही, रिलीज करवून घेऊनही नाही. करार संपून फ्री एजंट झाला तर मात्र मोकळा, कारण तिथे सगळेच बोली लावतात.

ट्रिपल_ए_वाला:
दुसऱ्या मुद्द्यावर बोलतो. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) मुख्य संघाच्या २६ जणांत पिचर जास्तीत जास्त १३. ऑप्शनवर (खेळाडू हातचा न जाता त्याला खालच्या लीगला धाडायची मुभा) खाली गेलेला पिचर १५ दिवस खालीच राहतो, फलंदाज १० दिवस. जखमी यादीत गेलेल्याच्या जागी आणायचा असेल तर सूट. २०२२ पासून एका हंगामात एका खेळाडूला ५ वेळांपेक्षा जास्त ऑप्शन नाही.

तुमच्याकडे १५ दिवसांची अट पाळली जात नाही, म्हणून हे फुकटात होऊन राहिलं आहे. ती लावली की हिशेब बदलतो. रविवारी खाली धाडला, दोन सिम झाले, १४ दिवस भरले. एक दिवस कमी पडतो, म्हणून तो तिसऱ्या सिमनंतरच वर येणार. मग ही ने-आण चालू ठेवायला ऑप्शन शिल्लक असलेले तीन-चार जास्तीचे रिलीव्हर संघाने राखून ठेवायच्या ४० जणांच्या यादीत पोसावे लागतात. तेवढ्या जागा तरुण फलंदाजांच्या जातात, आणि ते रूल ५ ड्राफ्टमध्ये (यात या यादीबाहेरचे खेळाडू इतर संघ उचलू शकतात) उघडे पडतात. शिवाय हंगामात एकूण २० दिवस खाली काढले की ऑप्शनचं एक वर्ष खर्ची पडतं. अशी वर्षं साधारण ३. त्यानंतर वेव्हर्सवर (इतर संघांना खेळाडू घ्यायची मोकळीक) टाकल्याशिवाय धाडता येत नाही, आणि चांगला रिलीव्हर वेव्हर्सवर दिसला की कुणीतरी उचलतोच. एवढी किंमत मोजून कुणी करत असेल तर करू द्या, ते कसब आहे.

धाडणं आणि वर आणणं एकाच एक्सपोर्टमध्ये (सिमआधी पाठवायच्या फाइलमध्ये) करा. अर्धंच काम करून फाइल पाठवली की यादी २५ वर अडकते. नव्याला बुलपेनमधली (रिलीव्हरच्या ताफ्यातली) भूमिकाही त्याच वेळी लावा.

सदर_स्कोअरर:
लेफ्टीभाऊंचा नियम पटला. पण सौद्यांवर मतदान ठेवू नका. शर्यतीतले संघ प्रतिस्पर्ध्याचा सरळ सौदाही पाडतात. नकाराचा अधिकार कमिशनरला (लीग चालवणाऱ्याला) द्या, २४ तासांत, लेखी कारणासह, आणि तो नियमपुस्तकात आधीच असू द्या. १९७६ मध्ये मेजर लीगचे तेव्हाचे कमिशनर बोवी कून यांनी ओकलंडने केलेली विडा ब्लू, जो रुडी आणि रोली फिंगर्स यांची विक्री खेळाच्या हितासाठी रद्द केली. ओकलंडचे मालक चार्ली फिनली कोर्टात गेले आणि हरले, कारण संघांनी मिळून केलेल्या करारातच कमिशनरला तो अधिकार दिलेला होता.

अजून एक. एखादा मॅनेजर गावाला गेला की त्याचा संघ दुसरा कुणी सांभाळतो. तेवढ्या काळात त्या दोन संघांतले सौदे बंद ठेवा. १८९९ मध्ये क्लीव्हलंड स्पायडर्सच्या मालकांच्या हाती सेंट लुईसचा संघही आला. नामांकित पिचर साय यंगसकट चांगले खेळाडू त्यांनी तिकडे नेले. स्पायडर्स २० सामने जिंकले, १३४ हरले, आणि १९०० मध्ये तो संघच उरला नाही.

बर्डीचा_कॅचर:
हे सगळं मसुद्यात घेतो. क्लोजरचा झालेला सौदा मात्र उलटवायचा का?

लेफ्टी_धरमपेठ:
नाही. मंजूर झालेल्या सौद्याला मागून नियम लावणं अन्यायच आहे. पुढे प्रत्येक सौदा मंजुरीआधी ४८ तास लीगच्या ग्रुपवर ठेवा. क्लोजरसाठी कुणी जास्त द्यायला तयार असेल तर तो तिथेच बोलेल. आणि ही अट बाराही संघांना लावा, त्या दोघांपुरती नको.