मुखपृष्ठाच्या चित्राचे ‘सर्व हक्क’ मागून राहिले, काय करू?

पळसपान (धंतोली, नागपूर)

नमस्कार मंडळी. इथल्याच चित्रकला महाविद्यालयातून शिकले आणि घरूनच चित्रांची कामं करते. आजवर बालमासिकं, लग्नपत्रिका आणि दोन-तीन कवितासंग्रहांची मुखपृष्ठं केली. आता पहिल्यांदाच मोठी कादंबरी आली आहे, मेळघाटातली. संपादकांनी पूर्ण हस्तलिखित पाठवलं. ते वाचून मी काही कच्ची रेखाटनं दिली. फुललेल्या पळसाखाली पाठमोरी उभी बाई, हे त्यांना पसंत पडलं. जलरंगात करायचं ठरलं.

मग पत्र आलं. मानधन सात हजार, आणि खाली एकच ओळ : ‘चित्राचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.’ शिवाय मूळ चित्र हवं आणि लेयरवाली फाईलही (चित्राचे भाग सुटे ठेवलेली, प्रत्येक भाग वेगळा बदलता येतो अशी). काम सोडायचं नाही, कादंबरी मनात बसली आहे. पण उद्या तेच चित्र कॅलेंडरवर किंवा हिंदी अनुवादावर आलं तर? घरचे म्हणतात, “नाव छापून येऊन राहिलं ना, कशाला ताणतेस?” नवख्या माणसानं हे बोलावं का, आणि बोलायचं तर कसं?

रेघ_रंग (रेशीमबाग, नागपूर)

बोल. आणि चित्र रंगवायला घेण्याआधी बोल.

माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून मी मुखपृष्ठं करते. आपल्या लोकांत एक समज पक्का आहे : ‘मी कशावर सही केली नाही, म्हणजे हक्क माझेच.’ त्या भरवशावर राहू नको. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ वाच. पैसे देऊन कुणी चित्र रंगवून घेतलं आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसलं, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा धरला जातो. गप्प बसलीस तर ती एक ओळ नसतानाही चित्र त्यांचं. म्हणून तुझ्या बाजूचं लेखी हवंच. साधा ईमेल पाठव, पण त्यावर त्यांचं ‘मान्य’ असं उत्तर घे. मजकूर साधा ठेव :

‘चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. या कादंबरीच्या मराठी आवृत्तीचं मुखपृष्ठ, छापील आणि ई-बुक, तसंच याच पुस्तकाची जाहिरात, एवढ्यासाठी प्रकाशक चित्र वापरू शकतील. अनुवाद, कॅलेंडर किंवा इतर वापरासाठी वेगळं मानधन.’

मुदत लिही. ते हक्कच लिहून मागत असतील, तर कलम १९ ध्यानात ठेव. हक्क देणं लेखीच लागतं, आणि त्या कागदात मुदत नसेल तर पाच वर्षं, प्रदेश नसेल तर भारतापुरतं, असं कायदा धरतो.

मूळ चित्र देऊ नको. छपाईला चांगलं स्कॅन पुरतं. कागदावरचं चित्र ही वेगळी वस्तू आहे, ती हवी असेल तर तिची किंमत वेगळी. लेयरवाल्या फाईलबद्दल मी जास्त कडक आहे, आणि त्याला कारण आहे. एका कादंबरीला मी पांढऱ्या लुगड्यातली विधवा काढली होती. गोष्टीत ते लुगडं फार महत्त्वाचं. दुसऱ्या आवृत्तीत कुणीतरी त्यात लाल रंग भरला, तर म्हणे दुकानात उठून दिसावं! मला पुस्तक हातात पडल्यावर कळलं. मी कलम ५७ दाखवून पत्र लिहिलं. हक्क विकले तरी चित्र आपलं आहे हे सांगण्याचा अधिकार राहतो, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर दाद मागता येते. पुढच्या छपाईत लुगडं पांढरं झालं.

नाव छापणं हा उपकार नाही, त्यापोटी मानधन कमी करू नको. सही चित्राच्या आतच कर, कटिंगमध्ये जाणार नाही अशी. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं काढून बघ.

पैशाचं : निम्मे आधी. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारची लहान उद्योगांची नोंदणी, करून टाक, ती मोफत आहे. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचं बिल, लेखी करारात जास्त मुदत घातली तरी, ४५ दिवसांत चुकवावं लागतं, असा २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) कायदा आहे.

ऑफसेटवाला (महाल, नागपूर)

हक्काचं ताईंनी सांगितलं, मी पळसाचं सांगतो. स्क्रीनवर जो पेटलेला केशरी दिसतो तो चार रंगांच्या छपाईत येत नाही. सीएमवायके, म्हणजे सायन (निळा), मॅजेंटा (गुलाबी), यलो (पिवळा) आणि काळा या चार शाईंत केलं की विटकरी पडतो, वरून मॅट लॅमिनेशन आणखी दाबतं. स्कॅन झाल्यावर फुलांतला सायन जवळपास शून्यावर आणा, यलो भरपूर, मॅजेंटा साठ टक्क्यांच्या आसपास ठेवून प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, काढा. मोबाईलवर पाठवलेला फोटो बघून ‘ओके’ म्हणू नका, छापखान्यात येऊन उजेडात कागद बघा.

पुस्तकाच्या कण्याची जाडी अंदाजानं धरू नका. पानं आणि आतला कागद पक्का झाला की प्रिंटरला कोरी डमी बांधून मागा आणि मोजा. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारी जादा कड. शीर्षकाला जागा जरा जास्तच सोडा, वर वेलांट्या नि खाली उकार आले की बाईच्या डोक्यावर अक्षरं बसतात.

पळसपान

ताई, दादा, मनापासून आभार. ताईंचा मजकूर जसाच्या तसा पाठवला आणि मग संपादकांना फोन केला. ते शांतपणे बोलले. ती ओळ सगळ्यांच्याच पत्रात असते म्हणाले. मूळ चित्र माझ्याकडे राहील, अनुवादाचं वेगळं धरतील, निम्मे पैसे आधी देतील. लेयरवाली फाईल सोडून दिली. आता मुदतीवर अडलं आहे. मी पाच वर्षं म्हटलं, त्यांना दहा हवीत.

रेघ_रंग

दहा दे. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती संपायलाच पाच वर्षं जातात, मधेच मुखपृष्ठ बदलायला लावणं लेखकावरही अन्याय. पण त्या बदल्यात एक वाक्य घालून घे : चित्रात कोणताही बदल चित्रकाराला विचारल्याशिवाय नाही. आणि लेखकाच्या प्रतींसारख्या तुझ्या पाच प्रतीही माग.