लस घेतली की 82% मिसकॅरेज?? हा आकडा आला कुठून

रामबागवाली:
वहिनीला सातवा आठवडा चालू आहे, डॉक्टरांनी फ्लूची लस घ्यायला सांगितली आणि नेमका त्याच दिवशी मावशीने ग्रुपवर कोविड लसीचा जुना फॉरवर्ड टाकला, की ही लस घेतलेल्या 82% गरोदर बायकांचं मिसकॅरेज होतं, तेही न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकाच्या नावानिशी. वहिनी आता कुठलीच लस नको म्हणते. इंदूरात कोणी आकडेवारीतलं जाणकार आहे का?

आकडेमोड_इंदूर:
2021 चा पेपर आहे, अमेरिकेतला. संपलेल्या प्रेग्नन्सी 827, मिसकॅरेज 104, आणि त्या 827 पैकी 700 जणींनी लस शेवटच्या तिमाहीत घेतलेली, तेव्हा मिसकॅरेजचा प्रश्नच नाही (मिसकॅरेज म्हणतात ते 20 आठवड्यांच्या आत). मग कोणीतरी हुशारी केली, 700 वजा केले, 104 भागिले 127, झाले 82 टक्के! पण डेटाच जेमतेम अडीच महिन्यांचा, सुरुवातीला लस घेतलेल्या बाईची एवढ्यात डिलिव्हरी होणार कशी? अशा हजारावर होत्या, बहुतेकींचं सगळं नीट चालू होतं, म्हणून त्या हिशोबातच नाहीत. होळकर स्टेडियमवर मॅच चालू असताना फक्त आउट झालेले मोजायचे आणि म्हणायचं सगळेच आउट होतात, तसलं काम. नंतर लस घेतलेल्या 2456 जणींचा आठवड्यागणिक हिशोब झाला, 6 ते 20 आठवड्यांत धोका 14.1%, वय धरून 12.8%, म्हणजे एरवी असतो तेवढाच.

पोहे_जिरावन:
भिया, पण याची उलटी चूकही होते. बायका दहाव्या आठवड्यात अभ्यासात आल्या तर ज्यांचं सातव्यातच गेलं त्या कुठेच दिसत नाहीत, धोका आपोआप कमी दिसतो. आणि बाराव्यात लस घेतलेलीला पहिल्या दिवसापासून लसवाली धरलं तर लस उगाच संरक्षण देतेय असं वाटतं, कारण बारावा गाठला म्हणूनच तर ती लसवाली झाली ना. तुलना त्याच आठवड्यातल्या बायकांशीच करायची, वयही बघायचं, नॉर्वेच्या आकड्यांत मिसकॅरेजचा धोका पंचविशी ते एकोणतीसला 10% आणि पंचेचाळिशीनंतर 53% आहे.

रामबागवाली:
मग इन्फेक्शनवाले आकडे? मावशी म्हणते कोविड झाला तरी पडतंच

आकडेमोड_इंदूर:
तिथे तर जास्त घोळ. ब्लीडिंग झालं म्हणून अ‍ॅडमिट झाली की टेस्ट होणार, घरी नुसता खोकला झालेलीची होणारच नाही आणि ती "इन्फेक्शन नाही" मध्ये जाणार. त्यामुळे टेस्ट कोणाची, कधी, का केली हे आधी बघा. फ्लूचं वहिनीच्या डॉक्टरांनाच विचारा, मावशीला नको 😄