धागा : कोकणात वावरताना कोणत्या खुणा बघता, काय मोजता?

खाडी, कातळ, पऱ्या (ओढा), बाजारपेठ, जिथलं ज्याला पक्कं ठाऊक आहे त्यानं तिथलं लिहा. 'मी कसा वाचलो' हे किस्से पुन्हा कधीतरी. खुणा, आकडे आणि नेमकं कुठे चुकतं, एवढंच.

खाडीकाठचा : भरतीचं कोष्टक हाताशी नसेल तर तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे धरायचा, आणि रोज वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या जागी चालत जायचं तर सुकतीच्या तासभर आधी निघा आणि पाणी पालटलं की परत फिरा. लोक फसतात ते पुढच्या हिशेबात. पाणी सहा तास सारखं चढत नाही. बारा भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असं येतं. म्हणजे उधाणाला चार मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर, तिसऱ्यात नि चौथ्यात मात्र एकेक मीटर. 'अजून घोट्याएवढंच आहे' हे वाक्य पहिल्या तासातलं असतं. मालवणकडे चढउतार बराच कमी, पण तिथेही भाग हेच.

समुद्रात लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर पोहायला तीच जागा वाईट. तिथून पाणी बाहेर जातं. ओढलं गेलात तर किनाऱ्याला समांतर पोहा, दम संपला तर नुसते तरंगा.

सड्यावरचा : कातळावर फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप. गडग्याचे (दगडी कुंपणाचे) चिरे उघड्या हातानं उचलू नका, आधी काठीनं हलवा. चावलंच तर अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा, पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा आणि चावल्याची वेळ लिहा. आवळपट्टी, ब्लेड, तोंडानं ओढणं काही नको. रुग्णवाहिकेसाठी १०८. रुग्णालयात २ मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय. प्लॅस्टिकच्या नळीत ही तपासणी फसते. पहिल्यांदा गोठलं म्हणून घरी पळू नका, फुरशाचा परिणाम उशिरा दिसतो. किमान २४ तास थांबायचं.

मण्यार वेगळी. झोपेत चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ आणि पापण्या जड, रुग्णालय गाठायला एवढं पुरे.

पेठेतली : २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्यानंतर काहींना सवय लागली ती अशी. पाणी दारापाशी आलं की पायरीवर खडूनं रेघ, दर पंधरा मिनिटांनी नवी. दोन रेघांत वीतभर अंतर पडलं की सामान सोडून वर. त्याआधी मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी घट्ट, सिलिंडर बांधलेला. नाहीतर तो तरंगत दारात अडकतो. वरच्या मजल्यावर आधी पिण्याचं पाणी न्या, कागदपत्रं नंतर. वशिष्ठी नदीला पूर असताना खाडीत भरती असेल तर पाणी उतरायला जागा नसते, म्हणून पावसाबरोबर वर सांगितलेला तिथीचा हिशेबही बघा.

पूर ओसरल्यावर विहीर उपसून मगच ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी म्हणजे २८,००० लिटर, पावडर ७० ग्रॅम. पिशवी वर्षभर उघडी पडलेली असेल तर हे गणित फुकट. क्लोरिन उडून गेलेला असतो.

पऱ्यापलीकडे : चढणीचे, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे धरायला रात्री जाणाऱ्यांसाठी एकच. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला, की डोक्यावर पाऊस नसला तरी काठ गाठा. आणि डोंगराकडचा वाहता पऱ्या भर पावसात अचानक आटला तर वर दरड अडली असू शकते. तेव्हा साकवावर (छोट्या पुलावर) उभं राहून बघत बसू नका.

खाडीकाठचा : राहिलं होतं. उथळ पाण्यात वाळूवर पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, त्यानं बाजूला होतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर. पाणी आधी दुसऱ्यानं हात घालून बघायचं, दुखऱ्या पायाला चटका कळत नाही.