लमस्सीच्या कापडाचे पैसे कुणाचे?

नदीकाठ (धागाकर्ता)

इथे एक पोस्ट पुन्हा पुन्हा चिकटवली जातेय: "४००० वर्षांपूर्वी अश्शूरच्या बायका स्वतंत्र उद्योजिका होत्या. घरी कापड विणून परदेशी विकायच्या, नफा स्वतःकडे ठेवायच्या आणि भाजलेल्या मातीच्या पत्रांतून नवऱ्यांना जाब विचारायच्या."

जाब विचारायच्या हे खरं. बाकीचं वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माल अश्शूरहून (आजचा उत्तर इराक) गाढवांवर लादून अनातोलियातल्या (आजचं तुर्कस्तान) कानेशला जायचा. अंतर १००० किलोमीटरच्या वर, साधारण सहा आठवड्यांची चाल. एका गाढवावर एकतर १३० मिना (६५ किलो) कथील आणि वर थोडी कापडं, नाहीतर नुसती पंचवीस-तीस कापडं. निघतानाच अश्शूरचा निर्यातकर, मालाच्या किमतीचा १२०वा हिस्सा. पोचल्यावर कानेशचा राजवाडा ५ टक्के कापड ठेवून घेणार, शिवाय आणखी १० टक्के पसंतीने विकत घ्यायचा पहिला हक्क त्याचाच. कधी विकायचं, कुणाला उधार द्यायचं, हे तिकडे बसलेला नवरा किंवा मुलगा ठरवणार. बाई अश्शूरमध्ये चांदीची वाट बघणार.

तराम-कुबीने नवऱ्याला, इन्नायाला, काय लिहिलंय? जाताना एक शेकेल (सुमारे आठ ग्रॅम) चांदी ठेवली नाहीस, घर धुऊन नेलंस, इथे दुष्काळ पडलाय आणि घरात जवाचा दाणा नाही. याला स्वातंत्र्य म्हणायचं?

तकली

साफ असहमत. एका तराम-कुबीवरून सगळ्या अश्शूरचा निकाल लावू नका.

लमस्सीची पत्रं वाचा. नवरा पुशुकेन तक्रार करतो की कापडं चांगली नाहीत. ती उलट विचारते, तुझ्या घरात राहून माझ्या कापडाला नावं ठेवणारा हा कोण? दुसरीकडे लोकर मागवते: शहरात लोकर महाग आहे, चांदी पाठवशील तेव्हा सोबत लोकरही पाठव. कच्च्या मालाच्या भावाची अशी झळ कुणाला जाणवते? जिच्या अंगावर खर्च पडतो तिला. कुठल्या तांड्याबरोबर किती कापडं दिली आणि त्यांची चांदी आली का, हे या बायका पत्रागणिक विचारतात. त्यांचा हिशेब नवऱ्याच्या हिशेबापासून वेगळा ठेवलेला दिसतो.

चिखलमाती

मूळ पोस्टमधल्या "भाजलेल्या मातीच्या पत्रांतून" याला कुणीच हरकत घेतली नाही? हे प्रत्येक लेखात येतं आणि दर वेळी चुकीचं असतं.

पत्र भाजत नसत. माती मळायची, तळहातावर मावेल एवढी पाटी करायची, ओली असतानाच बोरू दाबून लिहायचं आणि वाळवायचं. मग पातळ मातीचं वेष्टन गुंडाळायचं, त्यावर नाव लिहून दंडगोल मुद्रा (लाटण्यासारखी फिरवायची मोहोर) फिरवायची. ज्याला पत्र मिळेल त्याने वेष्टन फोडायचं. काम संपलेली पाटी पाण्यात भिजवली की पुन्हा माती. भाजली तर हा फायदाच गेला.

तकली

निनवे या अश्शूरी राजधानीतल्या राजाच्या ग्रंथसंग्रहातल्या काही पाट्या मुद्दाम भाजलेल्या होत्या. सरसकट "भाजत नसत" कसं म्हणता?

चिखलमाती

मी पत्रांबद्दल बोलतोय. राजाचा ग्रंथसंग्रह ही वेगळी गोष्ट, आणि तोही हजार वर्षांहून नंतरचा. तिथल्याही कित्येक पाट्या इ.स.पू. ६१२च्या आगीत भाजल्या गेल्या.

भाजणं सोपं नसतं. संग्रहालयात कच्ची पाटी टिकवण्यासाठी भाजतात तेव्हा भट्टी कित्येक दिवस हळूहळू चढवावी लागते. घाई केली तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन पाटी फुटते. तापमान जास्त चढलं तर मातीतल्या चुनखडीचा कळीचा चुना होतो, तो नंतर हवेतलं पाणी पिऊन फुगतो आणि अक्षरांसकट टवके उडतात. न भाजता तशीच ठेवली, तर जमिनीतले क्षार पृष्ठभागावर येऊन स्फटिक धरतात आणि लिखाण सोलून काढतात. तेव्हा "भाजलेली" हा शब्द सहज टाकून देऊ नये.

नदीकाठ

धागा कापडाचा आहे, भट्टीचा नाही! वेगळा धागा काढा, मी येतो तिथे.

तकली, तुम्ही त्याच पत्राचा पुढचा भाग गाळलात. लमस्सी म्हणते, मी झटून कापडं करून पाठवते ती दर फेरीला निदान १० शेकेल चांदी *तुझ्या* घरात यावी म्हणून. तुझ्या घरात.

आणि विणलं कुणी? कानेशच्या पुझुर-अश्शूर या व्यापाऱ्याने अश्शूरमधल्या वक्कुर्तुम नावाच्या बाईला लिहिलेलं मोजमाप बघा: लांबी ९ हात, रुंदी ८ हात, एका बाजूने विंचरलेलं, पण कातरायचं नाही. प्रत्येक कापडात आधीपेक्षा १ मिना लोकर जास्त, तरी कापड पातळच हवं. म्हणजे सूत बारीक आणि वीण घट्ट. साडेचार मीटर बाय चार मीटर. सेंटिमीटरला १० उभे आणि १० आडवे धागे धरले तर ३६ किलोमीटर सूत. हातच्या चातीवर तासाला ४० मीटर धरा, नुसत्या सूतकताईला ९०० तास. पिंजणं, विंचरणं, ताणा लावणं, विणणं वेगळंच. हे एका बाईचं काम नव्हे. घरातल्या मुली आणि दासी राबत होत्या. त्यांचा हिस्सा कुठल्या पाटीवर आहे?

तकली

दासींचं मान्य, पोस्टमध्ये ते यायला हवं होतं. "तुझ्या घरात" मात्र मान्य नाही. रागावलेल्या नवऱ्याला समजावताना लिहिलेलं वाक्य आहे ते. आणि त्याच वक्कुर्तुमच्या पत्रात पुझुर-अश्शूर तिच्यासाठी १ मिना चांदी मोहोरबंद करून पाठवतोय. फुकट राबणाऱ्या बाईला कुणी मोहोरबंद चांदी पाठवत नाही.

चिखलमाती

नदीकाठ, भट्टीचा विषय तुमच्याच प्रश्नाशी येऊन भिडतो. कानेशच्या सुमारे २३,००० पाट्या इतक्या चांगल्या मिळाल्या त्यात तिथल्या वस्तीला लागलेल्या आगीचा मोठा वाटा. अश्शूरमधली त्या काळातली घरं जवळपास हाती लागलेलीच नाहीत. म्हणजे बायकांकडे आलेली पत्रं, त्यांचे करार, घरचे हिशेब तिकडेच राहिले. लमस्सीचे शब्द नवऱ्याच्या कपाटात जपले गेले तेवढेच वाचतोय. वक्कुर्तुमचं पत्रसुद्धा कानेशला ठेवलेली नक्कल आहे. एवढ्यावर "स्वतंत्र" किंवा "राबवलेली", दोन्ही छातीठोकपणे कसं म्हणता?

नदीकाठ

पुराव्याचा मुद्दा बिनतोड आहे, घेतला. तरी ९०० तासांचा हिशेब अश्शूर खणल्याशिवायही उभाच राहतो. पोस्ट पुन्हा चिकटवणाऱ्यांनी निदान तेवढा तरी सोबत जोडावा.