स्तनाचा कॉन्ट्रास्ट एमआरआय : पाण्याच्या प्रतिमेत चरबी दिसते आहे

प्रश्न (एमआरआय तंत्रज्ञ)
नमस्कार. काखेजवळ आणि स्तनाखालच्या घडीत फॅट सॅट (चरबीचा संकेत दाबण्याची पद्धत) नीट लागत नसल्यामुळे आम्ही १.५ टेस्लाच्या यंत्रावर दोन-बिंदू डिक्सन पद्धत (दोन वेगळ्या क्षणी संकेत घेऊन चरबी आणि पाण्याच्या वेगळ्या प्रतिमा बनवणारी) सुरू केली. काखेतला भाग सुधारला; परंतु एका रुग्णाच्या कॉन्ट्रास्टपूर्व पाण्याच्या प्रतिमेत उजव्या स्तनातली सगळी चरबी पांढरी आली, तर कॉन्ट्रास्टनंतर तोच स्तन व्यवस्थित दिसला. सबट्रॅक्शन (कॉन्ट्रास्टनंतरच्या प्रतिमेतून आधीची वजा करणे) त्यामुळे निरुपयोगी झाले आहे. रुग्णाला पुन्हा बोलवावे लागेल का?

उत्तर (रेडिओलॉजिस्ट)
घाई करू नका. हा संकेत दाबला न जाण्याचा दोष नसून चरबी आणि पाण्याची अदलाबदल असावी. १.५ टेस्लाला दोघांच्या वारंवारतेत सुमारे २२० हर्ट्झचा फरक असतो, म्हणून उत्तेजनानंतर २.३ मिलिसेकंदांच्या आसपास त्यांचे संकेत परस्परविरुद्ध असतात आणि ४.६ला जुळतात (इन-फेज). बेरीज-वजाबाकीने ते वेगळे होतात खरे, पण कोणता संकेत कोणाचा हे सॉफ्टवेअर शेजारच्या बिंदूंच्या फेजवरून (संकेतलहरीच्या टप्प्यावरून) ठरवत पुढे सरकते. दोन स्तनांच्या मध्ये हवा असल्याने हा दुवा तुटतो आणि एका बाजूचा अंदाज चुकला की अख्खा स्तन उलटतो.

त्याच मालिकेतली चरबीची प्रतिमा उघडा. उजव्या स्तनाची ग्रंथी तिथे दिसेल. इन-फेज प्रतिमेला या अदलाबदलीची झळ लागत नाही, त्यामुळे रुग्ण हलला नसेल तर इन-फेज प्रतिमांचेच सबट्रॅक्शन करावे.

उत्तर (वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ)
वरील मताशी सहमत. शिमची (चुंबकीय क्षेत्र एकसमान करण्याच्या समायोजनाची) चौकट मात्र स्तनांपुरतीच ठेवा. तीत बाहेरची हवा आणि हृदय आले की क्षेत्राची एकसमानता बिघडते. एक सावधगिरी: पर्याय म्हणून कॉन्ट्रास्टनंतर स्टर (टी-१च्या आधारे चरबी दाबणारी मालिका) घेऊ नका. गॅडोलिनियममुळे (कॉन्ट्रास्टमधला घटक) गाठीचा टी-१ (ऊतीचे चुंबकन पूर्ववत होण्याचा काळ) चरबीच्या जवळ येऊ शकतो आणि मग जी गाठ शोधायची तीच दबून जाते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. चरबीच्या प्रतिमेत उजवी ग्रंथी स्पष्ट सापडली आणि इन-फेज सबट्रॅक्शनही नीट आले.

उत्तर (ज्येष्ठ तंत्रज्ञ)
यापुढे इंजेक्शन देण्याआधीच कॉन्ट्रास्टपूर्व पाण्याची आणि चरबीची प्रतिमा दोन्ही बाजूंनी तपासून घ्या. ती मालिका तेव्हा लगेच पुन्हा घेता येते. गॅडोलिनियम एकदा शिरेत गेल्यावर त्या बैठकीत ती संधी राहत नाही.